पाणी न पिता गेलेली पाहुणी

स्नेहलतागंज, इंदूर
२३ सप्टेंबर २०२५

वन्सं,

पत्राच्या तोंडाशी शि. सा. न. वि. वि. अशी मालगाडी जोडायची असते, मला माहितीय. पण गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या बाईकडून एवढे डबे ओढवत नाहीत. नमस्कार घ्या आणि पुढे वाचा.

फोन करणार होते. पण तुमच्या कानांचं असं झालंय, की मी इकडून ओरडते, तुम्ही तिकडून 'हॅलो, हॅलो' करता आणि समोरचा किराणावाला मला उत्तरं देतो. म्हणून कागद.

काल घट बसले. आज पुताईवाला बसलाय. ओट्यावर, बीडी पीत. मधल्या खोलीला त्याने असा गुलाबी रंग दिलाय की वाटतं, भिंतींनी पेपरमिंट खाल्लंय. मी म्हटलं, "भिया, हा रंग मी सांगितला होता?" तर म्हणतो, "अम्माजी, सूखने के बाद सोबर लगेगा." बघू कधी सोबर होतो.

ही खोली तुमची. गाद्या पिंजून आणल्या, पलंग खिडकीखाली सरकवला, मग उजेड डोळ्यावर येईल म्हणून परत भिंतीला लावला. मला बसवतच नाहीये. या दिवाळीला निशांत आणि रुची बंगलोरहून येतायत, आणि भाऊबीजेला तुम्ही यायचंय. विचारत नाहीये, सांगतेय. तुमचे दादा गेल्यापासून तीन दिवाळ्या तुम्ही या घराचं तोंड पाहिलं नाही. पहिली दुःखाची म्हणून सोडली. पुढच्या दोन कशाच्या?

चकलीची भाजणी तुमच्या पद्धतीने करतेय, धने जास्त घालून. आता तरी या.

तुमची वहिनी,
द्वारका


खंडवा
२९ सप्टेंबर २०२५

ती. वहिनींस अंबिकाचा नमस्कार.

आपले पत्र पोचले. अक्षर अजूनही ओळीतून बाहेर पळते. आमच्या शाळेत असतात तर मी आपल्याला रोज एक पान शुद्धलेखन दिले असते.

आमंत्रणाबद्दल आभारी आहे, पण या वर्षी जमेलसे वाटत नाही. खालचे भाडेकरू दिवाळीत गावी जाणार आहेत, तेव्हा तुळशीला आणि मोगऱ्याला पाणी घालायला कोणी नाही. मांजरही व्यायला टेकली आहे. शिवाय घाटातला बसचा प्रवास मला आता सोसवत नाही. चि. निशांत व सौ. रुचीला आशीर्वाद सांगावेत. कृपया आग्रह करू नये.

आपली,
अंबिका


इंदूर
४ ऑक्टोबर

वन्सं,

आग्रह करू नये म्हणे! तुम्ही रिटायर झालात, मी तुमच्या शाळेत कधी नव्हते. तेव्हा हेडबाईंचा हुकूम इथे चालत नाही.

एक एक कारण घेते. मांजर व्यायची आहे, तुम्हाला नाही. तिला तुमची गरज नाही, ती आपलं आपलं बघते. तुळशीला शेजारणीला सांगा, तिचंही पुण्य वाढेल. आणि घाट सोसत नाही? फेब्रुवारीत सगळ्या रिटायर बाया मिळून पचमढीला गेलात, तिथे काय सपाट मैदान होतं? हॉटेलात राहिल्याचा फोटोसुद्धा तुमच्या लेकीने निशांतला पाठवला. हॉटेल चालतं, वहिनीचं घर चालत नाही. वा!

मी रात्रंदिवस डोकं खाजवलं आणि मग मला कारण सापडलं. खुर्ची! तुमच्या दादांची आरामखुर्ची मी वर्षश्राद्धानंतर देवळातल्या पुजाऱ्याला देऊन टाकली, त्याचा राग. मी काय करू, रोज ती रिकामी खुर्ची बघून माझा जीव घाबरा व्हायचा. पण दसऱ्याच्या दिवशी सरळ देवळात गेले. पुजारी त्या खुर्चीत घोरत होता. उठवला. म्हटलं, "पंडितजी, खुर्ची वापस चाहिए, ससुराल वाले नाराज हैं." तो बिचारा अर्ध्या झोपेत हात जोडत उभा राहिला आणि मी खुर्ची रिक्षात घालून आणली. बसायचा वेत नवा विणून घेतला. तुमच्या खोलीत ठेवलीय.

आता रागाचं कारण संपलं. बोला, कोणत्या बसने येताय?

त्या गुलाबी रंगाचं विचारू नका. सुकला, आणि जास्तच भडकला.

द्वारका

ता. क. तुकोगंजचे अप्पासाहेब दसऱ्याला सोनं द्यायला आले. दारातच उभे. "चहा नको, पाणी नको, चलतो." तुमच्या दादांचे पत्त्यांतले भिडू, पण दादा गेल्यापासून उंबरठा ओलांडत नाहीत. राजवाड्यातल्या सरदारांचं रक्त, त्यांना बिजली ऑफिसच्या क्लार्कच्या बायकोचा चहा कसा चालेल? अकड बघा. तुम्ही दोघं एकाच साच्यातले.


खंडवा
९ ऑक्टोबर

ती. वहिनी,

खुर्ची आधी परत नेऊन द्या. ब्राह्मणाला दिलेली वस्तू मागून घेतलीत, शिवाय त्याला झोपेतून उठवून! मला त्या खुर्चीचा कधीच राग नव्हता. कोणाचाच, कशाचाच राग नाही, हे कृपा करून ध्यानात घ्यावे.

आपण इतके विचारता म्हणून लिहिते. भाऊबीज भावाच्या घरी असते. दादा नाही. मी ताट कोणासमोर धरू? ते घर माझ्यापुरते संपले. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

घर रंगवले ते उत्तम केलेत. मागच्या अंगणाकडे काही बदल केला आहे का? सहज विचारले.

अंबिका


इंदूर
१२ ऑक्टोबर

वन्सं,

खुर्ची परत दिली. पुजारी खूश, वर नवा वेत मिळाला.

आता चेष्टा बाजूला ठेवते. तुम्ही 'घर संपलं' असं लिहिलंत, मग मलाही लिहू द्या. हे मी निशांतला सांगितलं नाही, कुणालाच नाही.

दादांच्या तेराव्याला तुम्ही जेवायला बसलात आणि घासभर खाऊन उठलात. पाण्याचा तांब्या भरलेला तसाच. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवला, त्यावर साय आली, तुम्ही हात लावला नाहीत. दोन दिवस राहणार होतात, आणि अचानक बॅग उचललीत. मी दारापर्यंत पाण्याचा ग्लास घेऊन मागे आले. म्हटलं, वन्सं, घोटभर तरी. तुम्ही ग्लास हाताने बाजूला सारलात आणि रिक्षात बसलात. मागे वळूनसुद्धा बघितलं नाहीत.

आमच्या गावात म्हणतात, ज्या घराचं पाणी नाकारलं त्या घराशी नातं तोडलं. नवरा गेला, ते दुःख दहा जणांनी येऊन वाटून घेतलं. हे पाणी मात्र मी एकटीच घेऊन बसलेय. माझं काय चुकलं, रोज शोधते. दादांना वेळेवर दवाखान्यात नेलं नाही असं वाटतं का तुम्हाला? तसं असेल तर तसं लिहा. मी ऐकून घेईन.

मागच्या अंगणात काय बदल करायचाय? मोरी तीच, संडास तोच, पेरूचं झाड तेच. नवीन फक्त संडासातला नळ. तो त्याच तेराव्यात कुणीतरी मुळासकट उपटला होता. मला पक्का शक आहे की निशांतचा तो जाड्या दोस्त, यशवर्धन. परवा त्याच्या मुलाच्या बारशात भेटला तेव्हाही मी त्याला ऐकवलं.

फराळाचे डबे भरते, रिकामे करते, परत भरते. पलंग आज चौथ्या भिंतीला आहे, आता भिंती संपल्या. यायचं नसेल तर नका येऊ. पण खरं कारण लिहा.

द्वारका


खंडवा
१५ ऑक्टोबर, स्पीड पोस्टाने

वहिनी,

हे पत्र वाचून फाडून टाका. शपथ आहे.

असले काही तुमच्या मनात असेल हे माझ्या स्वप्नातही आले नाही. दवाखान्याचे तर मुळीच मनात आणू नका. तुम्ही दादासाठी जे केलेत ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

माझे गुडघे गेले आहेत. ते तेव्हाच गेले होते, मी कोणाला सांगितले नव्हते. तेराव्याच्या सकाळी मी मागच्या बाजूला गेले. तुम्हाला कळले असेल कुठे. बसले, आणि मला उठता येईना. बाहेर माणसे, भटजी, भांड्यांचा आवाज. मला कोणी हाक मारत होते आणि मी आत भिंतीला हात लावून बसले होते. मुख्याध्यापिका म्हणून जन्म काढला, आणि 'मला उठवा' एवढे दोन शब्द तोंडातून फुटेनात. शेवटी नळ धरून जोर केला. उठले, पण नळ हातात आला. साडी भिजली, ती मी आंघोळीच्या निमित्ताने बदलली.

त्यानंतर तुमच्या घरी मी पाणी प्याले नाही, कारण प्याले असते तर परत तिथे जावे लागले असते. बसच्या प्रवासातही तीच भीती. म्हणून ग्लास बाजूला केला. तुम्ही रडत होतात, आणि मला फक्त लवकर घरी पोचायचे होते. मागे वळले असते तर तिथेच सगळे सांगून बसले असते.

पचमढीच्या हॉटेलात खुर्चीसारखे होते. माझ्या घरीही तसेच करून घेतले आहे.

एवढेच कारण. इतके लहान, आणि मला ते लिहायला तीन वर्षे लागली. आता मी कोणत्या तोंडाने येऊ?

यशवर्धनची माझ्या वतीने क्षमा मागा. कारण सांगू नका.

अंबिका


इंदूर
१८ ऑक्टोबर, धनतेरस

वन्सं,

पोस्टाच्या भरवशावर राहिले तर हे पत्र तुळशीच्या लग्नाला पोचेल, म्हणून खंडव्याच्या बसच्या कंडक्टरच्या हातात देतेय, चिवड्याच्या पुडीसकट. पुडी फोडलेली असली तर समजून घ्या, त्याचं भाडं.

तुमचं पत्र गॅसवर जाळलं. आधी मी खूप हसले, खोटं कशाला बोलू. नळाचं वाचून तर उचकी लागली. मग दुसऱ्यांदा वाचलं. मग मागच्या अंगणात जाऊन त्या नळाकडे बघत बसले. निशांत किती वर्षं म्हणतोय, आई वेस्टर्न बसवू. मी म्हणायचे, माझे गावचे गुडघे आहेत, मी अजून उकिडवी बसून पोतंभर मटार सोलते. माझे गुडघे शाबूत, म्हणून मला वाटलं जगाचेच शाबूत.

असो. आता ऐका माझा पराक्रम.

गोपीनाथ मिस्त्रीकडे गेले. तो म्हणतो, "अम्माजी, दिवाली के बाद. लेबर गांव गया." मी म्हटलं, "भिया, माझी पाहुणी दिवाळीनंतर येत नाही." तो हसला आणि आत गेला. मी त्याच्या दारातल्या सिमेंटच्या पोत्यावर बसून राहिले. त्याच्या बायकोने पोहे दिले. खाल्ले. जलेबी दिली. तीही खाल्ली. तरी उठले नाही, तेव्हा तो उठला.

मग आम्ही दोघं बाजारात, नळ-फरशीच्या दुकानात. आजूबाजूला सगळे कढया, कुकर, चांदीची नाणी घ्यायला आलेले, आणि मी सांगतेय की जरा उंच बाजूचा कमोड दाखवा, बसून-उठून बघते. आज पहिलंच गिऱ्हाईक असं आलं म्हणून दुकानदाराने त्याच्यावरसुद्धा कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि वर झेंडूचं फूल ठेवलं! लोडिंग रिक्षातून आमची वरात गल्लीत शिरली. शेजारीण ओट्यावरून विचारते, "द्वारकाबाई, धनतेरसला काय घेतलं?" मी म्हटलं, "सिंहासन."

घाबरू नका. तुमचं नाव कुठेही घेतलं नाही. सगळ्यांना सांगितलं, माझेच गुडघे गेले. पुरावा म्हणून गल्लीभर लंगडत फिरले. किराणावाल्याने तर मला स्टूल दिलं बसायला. दोन्ही बाजूंना धरायला स्टीलचे दांडेही लावतोय. नळ कुठे, तुमचा हात कुठे, एकमेकांपासून लांब.

तुम्ही विचारता कोणत्या तोंडाने येऊ. त्याच तोंडाने या. पाणी पिता येईल एवढं तोंड पुरे.

द्वारका


खंडवा
२० ऑक्टोबर, त्याच कंडक्टरबरोबर

वहिनी,

पुडी फोडलेलीच होती. चिवडा तरी उत्तम.

तुमचे पत्र वाचून मी काय बोलू? लंगडू नका हो, लोक काय म्हणतील! ऐन दिवाळीत घरात खोदकाम, सून येणार, आणि हे सगळे माझ्यासाठी. मला संकोच वाटतो.

आणि ती दुसरी गोष्ट मी उगीच नव्हती लिहिली. ताट कोणासमोर धरू? भाऊबीजेच्या संध्याकाळी त्या घरात नुसतीच बसून राहीन का? ते मला झेपणार नाही.

अंबिका


इंदूर
२१ ऑक्टोबर

वन्सं,

घाईत लिहितेय, सकाळची बस सुटेल.

सिमेंट ओलं आहे. गोपीनाथ म्हणाला, दोन दिवस कुणी बसायचं नाही. मी दाराला दोरी बांधली आणि निशांत-रुचीला शेजारी पाठवतेय. निशांत बंगलोरला मोठा साहेब आहे, पण इथे सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून शेजाऱ्यांच्या दारात नंबर लावून उभा असतो. म्हणतो, "आई, घर आमच्यासाठी आवरलंस की आमच्यापासून?" मी म्हटलं, बाळा, पहिला मान पाहुणीचा.

रुची मात्र डोळस आहे. काल मला बाजूला घेऊन म्हणाली, "आई, सकाळी तुमचा डावा पाय दुखत होता." मी बघितलं तर उजव्याने लंगडत होते. जाताना फक्त त्या स्टीलच्या दांड्याला हलवून बघितलं, पक्का आहे ना. सून चांगली आहे, तिला सांगू नका.

आता ताटाचं. तुम्हीच ना शाळेत पोरींना सांगायचात, ज्यांना भाऊ नाही त्यांनी भाऊबीजेला चंद्राला ओवाळायचं? मग स्वतःच्या वेळी धडा विसरलात? गच्चीवर चढायचं नाही, मागच्या अंगणातूनच दिसतो, पेरूच्या झाडाच्या डाव्या अंगाला. पण दुजेचा चंद्र आहे, उशिरा येणाऱ्याची वाट बघत नाही. जरासा दिसतो आणि बुडतो. तेव्हा दुपारच्या बसने निघा, चार वाजता मी सरवटे स्टँडवर उभी आहे.

तुम्ही आला नाहीत तर मी त्या दोरीची फीत करून अप्पासाहेबांच्या हातून उद्घाटन करीन. मग बसा.

द्वारका


खंडवा
२८ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

सुखरूप पोचले. मांजरीला तीन पिल्ले झाली आहेत, माझ्याशिवाय. तुमचेच खरे झाले.

घरी आल्यापासून हातात काम टिकत नाही. भांडे उचलते, ठेवते. म्हणून लिहायला बसले.

तुम्ही स्टँडवर लंगडत आलात, गर्दीतून, आणि मी बसच्या पायरीवरून कठडा धरून उतरत होते. आपल्या दोघींपैकी खरी कोण आणि खोटी कोण, हे त्या रिक्षावाल्याला काही कळले नाही. त्याने आधी तुम्हालाच हात दिला!

घराच्या उंबरठ्यावर तुम्ही पाण्याचा ग्लास पुढे केलात. मी उभ्याउभ्या प्याले. मग म्हणाले, आणखी द्या. तुम्ही तांब्या आणायला आत गेलात आणि बराच वेळ बाहेर आला नाहीत. निशांत विचारत होता, आई कुठे गेली. मी सांगितले, पाणी गाळते आहे.

संध्याकाळी अंगणात अंधार भरत होता आणि चंद्र कुठे ते मला दिसेना. मोतीबिंदू. तुम्ही माझी हनुवटी धरून तोंड वळवलेत, लहान मुलीसारखे, तेव्हा दिसला. पेरूच्या फांदीत, नखाएवढा. मी ओवाळले. दादाला ओवाळताना तो नेहमी मुद्दाम डोळे मिटून घ्यायचा, तशी चंद्रावर एक ढगाची रेघ आली.

निरांजन अजून जळत होते. तुम्ही बाजूला उभ्या, डोक्यावर पदर. म्हणून मी ताट तुमच्याकडे वळवले. तुम्ही म्हणालात, "अहो वन्सं, हे काय भलतंच! विधवा बाईला ओवाळतात का? आणि मी ताटात काय घालू, माझ्याकडे आत्ता काही नाही."

त्याचे उत्तर आता लिहिते. ओवाळणी तुम्ही आधीच बसवून ठेवली होती, वहिनी. दोन्ही बाजूंना दांड्यांसकट.

गुलाबी खोलीत मला फार छान झोप लागली. रंग मात्र भयंकर आहे.

तुमची,
अंबिका


इंदूर
६ नोव्हेंबर

अहो हेडबाई,

तुमच्या पत्रात पहिल्यांदा 'प्रिय' आलं. मी दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

निशांत-रुची गेले. घर परत एवढं मोठं झालंय. मी पलंग खिडकीखाली नेलाय, आता तिथेच राहू दे, संक्रांतीला तुम्ही आलात की ऊन मिळेल.

पण एक गंमत सांगायची राहिली. काल अप्पासाहेब आले, दिवाळी भेटायला, उशिराने. नेहमीसारखे दारात उभे, काठी टेकून. "कशा आहात, द्वारकाबाई? चलतो." मी काही मनात न ठेवता, आपली सहज म्हणाले, "अप्पासाहेब, माझे गुडघे गेले हो. मागे वेस्टर्न बसवून घेतलं. आता बरं पडतं." ते थांबले. काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "थोडं बसतो."

वन्सं, ते आत आले. दादांच्या जागेवर बसले. चहा घेतला. मग दुसरा कप मागून घेतला. पाणी प्याले. मधे एकदा मागे जाऊन आले, आणि येऊन पत्ते आहेत का म्हणून विचारलं. माझ्याकडून दोन डाव जिंकून गेले. आणि मी इतकी वर्षं त्यांच्या सरदारी रक्ताला शिव्या देत होते!

जाताना म्हणाले, "गुडघ्यांची काळजी घ्या." मी म्हटलं, घेतेच आहे.

शेजारची म्हातारीही आता रोज येते, सुपारी मागायला म्हणून. तिला दात नाहीत. मी काही विचारत नाही. चहा टाकते.

म्हणून लंगडणं काही सोडलेलं नाही. माझे गुडघे गेलेले आहेत असं सगळ्यांना माहीत असलेलं बरं. या आठवड्यात डावा पाय आहे.

तुमची,
द्वारका